काही आजारपण नाही ना?

बंगाली माणसाला त्याचे आजार विचारावे लागत नाहीत. भवानीपूरच्या माझ्या दवाखान्यात एक निवृत्त हेडमास्तर येत असत. येत ते दाढ दुखते म्हणून. पण त्या दाढेपर्यंत पोहोचायला आम्हां दोघांनाही बराच प्रवास करावा लागे. "डाक्तारबाबू, आगे आमार अंबलटा शुनुन," असे म्हणून ते आपल्या आम्लपित्तापासून आरंभ करीत. तिथून पोटातला वायू, थोरल्या भावाचा मधुमेह, अपुरी झोप. मध्ये नुसता पडदा असल्याने बाहेर बसलेल्यांना सगळे ऐकू जाई आणि तेही आपापले उपाय आत पाठवीत. एकदा न राहवून मी म्हणालो, "मास्टरमशाय, मी फक्त दात बघतो." त्यांनी वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे बघावे तसे माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "दाँत कि शरीरेर बाइरे थाके?" दात काय शरीराच्या बाहेर राहतात?

हे वाक्य मी पुढे अनेक वर्षे माझे म्हणून वापरले. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात माझे व्याख्यान असे. 'दात आणि संपूर्ण शरीर' हा विषय. मी केवळ दात साफ करत नाही, सबंध माणूस बघतो, असे मी सांगत असे आणि लोक माना डोलावत. साफसफाईनंतर मी हिरड्यांना लवंगतेल आणि मीठ लावून मालीश करी, खाण्यापिण्याचे नियम सांगे, पोट साफ होते का हेही विचारी. आपल्यातला डॉक्टर म्हणून हावड्याहून आणि खिदिरपूरहून मराठी मंडळी दोनदोन ट्रामगाड्या बदलून माझ्याकडे येत. एस्प्लनेडच्या बाजूला चिनी दंतवैद्यांचे दवाखाने होते. हात सफाईदार आणि दरही माफक. पण त्यांच्याकडे जाणाऱ्या माणसाला मी हसून म्हणे, "तिथं तुम्ही म्हणजे एक जबडा. इथं तुम्ही माणूस." मला प्रत्येकाचे गाव, नाते, बदलीचे ठिकाण माहीत असे. याचा मला अभिमान होता. आज पन्नाशी उलटल्यावर या धंद्याविषयी लिहायला बसलो तेव्हा हसण्यासारखे प्रसंग सांगावेत असाच विचार होता. हेडमास्तरांनंतर मात्र लेखणी दुसरीकडे वळली.

कारण मराठी माणसाची तऱ्हा अगदी उलट. त्याला विचारावे, "तब्येत कशी?" तर "ठीक." "काही औषधं चालू?" "छे!" रेल्वेतले एक वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या दातांवरचे कीटण मी सकाळी काढले आणि संध्याकाळ झाली तरी हिरड्यांतून रक्त थांबेना. कापूस दाबून दाबून माझी बोटे दुखू लागली. शेवटी त्यांची पत्नी म्हणाली, "अहो, त्या गुडघ्याच्या गोळ्यांचं तर काही नाही ना?" ते महिनोन्‌महिने रोज ॲस्पिरिन घेत होते. मी म्हटले, "सकाळी विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत." ते तोंडातल्या कापसातून म्हणाले, "तुम्ही औषध विचारलंत. ही तर गोळी. आणि गुडघ्याचा दाताशी काय संबंध?"

संबंध काय, हे एकदा साध्या शब्दांत सांगून टाकतो. दाताच्या मुळाशी जे कीटण साचते ते दगडासारखे कठीण असते, आणि त्यात कोट्यवधी जंतू घर करून असतात. ते आम्ही आकड्यासारख्या हत्याराने खरवडून काढतो. खरवडताना हिरडीतून थोडे रक्त येते. म्हणजेच तेवढ्या वेळापुरते रक्ताचे दार उघडते, आणि दार उघडले की जंतू आत शिरतात. निरोगी माणसाचे शरीर त्यांचा थोड्याच वेळात निकाल लावते. पण ज्याला लहानपणी सांधे सुजवणारा संधिज्वर येऊन गेला आहे, त्याच्या हृदयाच्या झडपेवर बहुधा एखादा ओरखडा राहिलेला असतो. रक्तातून फिरणाऱ्या जंतूला तो बसायला जागा देतो. जंतू तिथे बसला की झडप कुरतडू लागतो. म्हणून अशा रोग्याला आधी पेनिसिलिन द्यायचे आणि मगच हत्यार हाती घ्यायचे. हे त्या काळीही पुस्तकात होते. मी ते वाचले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते.

सत्तरच्या आगेमागेची गोष्ट. आम्ही दोघे भाऊ एकाच घरात राहत होतो. खाली माझा दवाखाना, त्यामागे माझे बिऱ्हाड आणि वरच्या मजल्यावर दादा-वहिनी. त्यांचा मुलगा शरद बँकेत लागला होता आणि त्याच्यासाठी मुली पाहणे चालू होते. मंडळाच्या उत्सवात वहिनींनी पाटणकरांची नलिनी गाताना ऐकली. पाटणकर कस्टम्समध्ये होते. मुंबईहून बदली होऊन आलेले, खिदिरपूरच्या सरकारी वसाहतीत राहणारे, सज्जन आणि अबोल गृहस्थ.

दुसऱ्या दिवशी वहिनी खाली आल्या. "भावजी, मुलगी गोड आहे, गळा चांगला आहे, घराणं चांगलं आहे. पण हसताना तोंडावर हात धरते."

"लाजते."

"लाजत नाही. मी जवळ जाऊन बघितलं, दात काळे आहेत. त्यांना म्हणावं, एकदा घेऊन या दाखवायला. दात तुम्ही बघा, मुलगी मी बघते. उगाच पोह्यांचा थाट नको आत्ताच."

मला त्यात काही गैर वाटले नाही. उलट सगळ्यांचीच सोय होत होती. मी पाटणकरांना निरोप धाडला. त्यामागचा अर्थ त्यांना समजला असणार. आमच्यासारख्या चिमुकल्या समाजात, लग्नाच्या मुलाचा काका लग्नाच्या मुलीचे दात विनामूल्य साफ करून देतो म्हणतो, याचा अर्थ न समजणारे घर नव्हते.

नलिनी आणि तिची आई सुमतीबाई आल्या तेव्हा लोडशेडिंग चालू होते. माझी हत्यारे हातानेच चालवायची असल्याने खिडकीचा उजेड मला पुरे. पंखा बंद, त्यामुळे खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. बाहेरच्या बाकावर वहिनी विणकाम घेऊन बसल्या होत्या, जणू सहजच. सुमतीबाईंनी त्यांना नमस्कार केला, दोन शब्द झाले आणि मग मायलेकी पडद्याच्या आत आल्या.

नलिनी खुर्चीत बसली. दात वेडेवाकडे नव्हते, किडलेले नव्हते. फक्त त्यांच्यावर काळसर थर होता. हा थर मी ओळखत होतो. लोहाचे पातळ टॉनिक वर्षानुवर्षे घेतले की दातांवर अगदी असाच रंग चढतो.

"टॉनिक घेत होतीस का गं?"

उत्तर सुमतीबाईंनी दिले. "लहानपणी थोडं. अशक्तपणा होता. मुलींना देतातच की."

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. सबंध माणूस बघणाऱ्या माणसाचा आवाज असावा तसा माझा आवाज मोकळा आणि खणखणीत होता. "काही आजारपण नाही ना?"

मुलगी आईकडे बघत होती. सुमतीबाई क्षणभर थांबल्या, आणि मग त्यांनीही तितक्याच स्पष्ट आवाजात सांगितले, "छे हो. अगदी निरोगी आहे. साधी सर्दीसुद्धा होत नाही तिला."

बाहेर सुयांचा आवाज थांबला होता तो पुन्हा सुरू झाला.

मी कामाला लागलो. तासाभराने तिच्या हाती आरसा दिला. तिने ओठ मिटले, उघडले, आणि हात खालीच ठेवून हसली. ते हसू मी विसरलेलो नाही. पण त्याबरोबर एक दुसरी गोष्टही विसरता येत नाही. त्या मुलीच्या दुखण्याचा एकच पुरावा तिच्या अंगावर होता, तिच्या दातांवर, आणि तो मी माझ्या हाताने घासून स्वच्छ केला.

वहिनी खूश झाल्या. पत्रिका जुळली. साखरपुड्याची बोलणी सुरू झाली. आणि मग नलिनीला ताप येऊ लागला. फार नव्हे, रोज थोडा. संध्याकाळी अंग मोडून येई, घामाने कपडे भिजत. मलेरिया म्हणून औषध झाले, टायफॉइड म्हणून झाले. शेवटी एका बुजुर्ग बंगाली डॉक्टरांनी तिच्या छातीवर नळी ठेवली, नखांखालचे लाल ठिपके पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला की हिच्या दातांचे काही काम झाले आहे का. मग त्यांनी मला फोन केला.

"पाटणकरांच्या मुलीचे दात तुम्ही साफ केलेत?"

"हो."

"आधी पेनिसिलिन दिलं होतं?"

"कशासाठी?"

"दहाव्या वर्षी सांध्यांचा ताप येऊन गेलाय तिला," ते म्हणाले. "झडप तेव्हापासून अधू आहे. मुंबईत तीनचार वर्षं इंजेक्शनं चालू होती. तुम्ही विचारलं नाहीत?"

मी विचारले होते. हे मला इतके जोराने आठवले की दुसरे काही आठवेचना. त्याच तिरमिरीत मी हॉस्पिटलात गेलो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर सुमतीबाई बसल्या होत्या, हातात मुलीची वेणी घालायची रिबीन. मला पाहून त्या उठल्या. त्यांना वाटले असावे की मी चौकशी करायला आलो आहे. मी म्हणालो, "मी तुम्हाला विचारलं होतं."

मी आत जाऊन मुलीला पाहिले नाही. तसाच परतलो.

घरी आल्यावर मी काय केले ते या सगळ्यात मला अधिक टोचते. नलिनीच्या झडपेची गोष्ट एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला सांगितली होती. मी ती जिना चढून वर नेली.

"फसवलं त्यांनी आपल्याला," वहिनी म्हणाल्या. "बरं झालं, वेळेवर कळलं."

"मी विचारलं होतं, वहिनी. तुमच्यादेखतच विचारलं होतं."

"मी ऐकलं ना माझ्या कानांनी! साधी सर्दीसुद्धा होत नाही म्हणाली बाई."

दादा वर्तमानपत्रातून मान वर करून एवढेच म्हणाले, "पोरगी जगेल ना?" त्यांना आम्ही दोघांनीही उत्तर दिले नाही.

वहिनी माझ्या साक्षीदार झाल्या. मंडळाच्या हळदीकुंकवात, कोजागरीला, कोणाच्या मुंजीत, जिथे म्हणून चार मराठी बायका जमत तिथे ती साक्ष झाली. मी कोणाला आपण होऊन काही सांगितले नाही. कोणी विचारले तर मान हलवून "मी विचारलं होतं" म्हणत असे. अख्ख्या शहरात आम्ही मराठी माणसे किती? मराठी घरांत ती गोष्ट पोहोचायला वेळ लागला नाही. बदलीच्या पत्राबरोबर ती पुढच्या गावीही पोहोचली असती, पण पाटणकरांनी बदली मागितलीच नाही. मुलीचे उपचार इथे चालले होते.

नलिनी वाचली. दीडएक महिना हॉस्पिटलात काढून, दिवसरात्र सुया टोचून घेऊन वाचली; मात्र झडप आणखी निकामी झाली. लग्न मोडले हे सांगायला नकोच. शरदला नागपूरची मुलगी मिळाली. त्याच्या लग्नात मी हौसेने पाने वाढली. पुढच्या गणेशोत्सवात समूहगीताला नलिनी नव्हती, आणि ती का नाही हे कोणीही विचारले नाही. माझे व्याख्यान मात्र झाले. त्यात मी नवी भर घातली: रोग्याने डॉक्टरपासून काही लपवू नये. टाळ्या पडल्या. पाटणकर मागच्या ओळीत बसले होते असे मला नंतर कळले.

त्या प्रकारातून मी धडा घेतला, आणि तोही चुकीचा. रोगी खोटे बोलतात, असा तो धडा. मी उलटतपासणी घ्यायला लागलो. हृदय? सांधे? साखर? रक्तदाब? कावीळ झाली होती? बाळंतपण कधीचे? दिवस गेले आहेत का? प्रश्न सगळे बरोबर होते. कोणत्याही दंतवैद्याने हत्यार उचलण्याआधी ते विचारलेच पाहिजेत, आणि वाचकांनीही कोणी न विचारता सांगितले पाहिजे. पण मी ते सारे त्याच खणखणीत आवाजात, त्याच पडद्याच्या आत विचारत होतो. माझ्या बाकावर कधी रोग्याची विहीण बसलेली असे, कधी त्याच्या ऑफिसातला साहेब, कधी घरमालक. उत्तरे पूर्वीसारखीच येत. "छे." "काही नाही." माझी मात्र समजूत अशी की माझ्याकडून जेवढे होण्यासारखे आहे तेवढे मी करतो आहे.

पुढे विजेवर चालणारे यंत्र घेतले. त्याच्या घरघरीने बाहेरचे लोक घाबरून उठून जाऊ लागले, म्हणून पडदा काढून सागवानी दार बसवले. कारण एवढेच होते.

गेल्या वर्षी, पावसाळा संपता संपता, सुमतीबाई आल्या. पाटणकर निवृत्त झाले होते आणि ते बिऱ्हाड महिन्याभरात पुण्याला जायचे होते. बाईंची खालची दाढ हलत होती आणि ठणका असह्य झाला होता. सोबत नलिनी होती. ती आता इथल्याच एका शाळेत शिकवते, पुण्यातही नोकरी ठरली आहे, असे कानावर आले होते. ती बाहेर बाकावर बसली. मी सुमतीबाईंना आत घेतले, दार लोटले आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्यासमोर उभा राहिलो.

त्या खुर्चीत न बसता दाराकडे बघत होत्या. "हे कधी केलंत?"

"झाली काही वर्षं. यंत्राचा आवाज बाहेर जायचा."

"तेव्हा असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रेशनच्या दुकानात तांदूळ केव्हा येणार हे सांगावे तशा स्वरात त्या पुढे म्हणाल्या, "मी सांगणार होते तुम्हाला. ट्राममध्ये नलूला म्हटलंसुद्धा, डॉक्टर आहेत, त्यांना सांगावंच लागेल, ते आपल्यातच ठेवतील. ती म्हणाली, सांग. इथं आले तर बाहेर तुमच्या वहिनी. पंखा बंद. आणि तुम्ही विचारलंत तेही केवढ्यानं!"

"तुम्ही मला हळूच..."

"कसं हळूच? तुमच्या वहिनींनी सुया थांबवल्या होत्या, डॉक्टर. मी ऐकत होते." त्यांनी पदराने गाल दाबला. दाढ ठणकत असणार. "मी खोटं बोलले. त्याची शिक्षा मी रोज बघते घरात. पण तुमच्याशी नाही बोलले खोटं. मी मुलाकडच्यांशी बोलले. डॉक्टरनं मला काही विचारलंच नाही त्या दिवशी."

दहा वर्षे जे वाक्य मी ढालीसारखे पुढे धरले होते, ते त्यांनी इतक्या हळू काढून घेतले की मला कळायलाही वेळ लागला. मी विचारले होते, पण काका म्हणून विचारले होते. आणि 'नाही' हे उत्तर ऐकून मला जे बरे वाटले, तेही डॉक्टरला वाटावे तसले बरे नव्हते. स्थळ निर्दोष निघाले याचे ते समाधान होते. पडद्यापलीकडे कोण बसले आहे हे मला माहीत होते. मीच बसू दिले होते.

मी माफी मागितली. मोठ्या माणसाने मागावी तशी ती नीट मागता आली नाही. वाक्य मध्येच तुटले. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता विचारा."

मी स्टूल त्यांच्याजवळ ओढले आणि हळू आवाजात विचारले. त्यांनी सांगितले. साखर वाढलेली होती, रक्तदाबाची गोळी चालू होती, आणि मधूनमधून छातीत भरून येत असे. हे शेवटचे घरात कोणाला माहीत नव्हते. मी त्या दिवशी दाढ काढली नाही. ठणक्यापुरते औषध दिले, आधी डॉक्टरांना दाखवायला चिठ्ठी दिली आणि त्यानंतर काढू असे सांगितले.

त्यांना घेऊन बाहेर आलो तेव्हा नलिनी उठून उभी राहिली. अंगाने बारीक, डोळ्यांखाली काळी वर्तुळे, पण चेहरा शांत. दात स्वच्छ होते. तसे ते आपोआप राहत नाहीत, हे मला ठाऊक आहे. कोणीतरी वेळच्या वेळी ते साफ करत असले पाहिजे. पुण्याला जाण्यापूर्वी एकदा मी बघतो, असे मी म्हणालो. आधी पेनिसिलिन देईन, सगळे नीट करीन, असेही म्हणालो. मला वाटते, माझ्या आवाजात विनवणी होती.

"नको, काका," ती म्हणाली. "मी एस्प्लनेडला एका चिनी डॉक्टरांकडे जाते."

मी मान हलवली. तिला बहुधा माझी दया आली असावी, कारण आईची पिशवी हातात घेता घेता तिने आपण होऊन पुढे सांगितले, "ते फार बोलत नाहीत. दार लावतात आणि हार्ट कसं आहे विचारतात. मी खरं ते सांगते. तिथं मला कुणी ओळखत नाही ना."